कांदा बंद करायचाच तर शेजाऱ्याला आधी सांगायला नको का?

कादवाकाठ (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय, आज लिहूनच टाकतो.

निफाड तालुक्यात आमचं कांद्याचं खळं आहे. वडिलांच्या वेळेपासून माल बांगलादेशला जातो. १४ सप्टेंबर २०२० ला निर्यातबंदीची अधिसूचना निघाली, तेव्हा आमच्या तीन गाड्या बंगालात घोजाडांगा नाक्याच्या रांगेत उभ्या होत्या. इथून तिथवर चार-पाच दिवसांचा रस्ता. माल विकलेला, एलसी (खरेदीदाराच्या बँकेचं पैशांचं हमीपत्र) उघडलेली, कागद पुरे. आणि फाटक बंद. पहिले दोन दिवस वाटलं, वाटेतल्या मालाला तरी सोडतील. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरचा फोन आला, "शेठ, ताडपत्री उचलली की वाफ येतेय." पाचव्या दिवशी गोण्यांतून पाणी गळायला लागलं. त्यानं फोटो पाठवला, त्यात जाळीच्या भोकांतून कोंब बाहेर आलेले होते.

पुढं सरकारनं अडकलेल्या मालापैकी २५ हजार टन सोडायला परवानगी दिली. आमच्या दोन गाड्या पार गेल्या, तिसरीतला माल तिथंच ओतून दिला. ढाक्याच्या श्यामबाजारातले आमचे व्यापारी वडिलांच्या ओळखीचे, तीस वर्षांचा व्यवहार. पैशांवरून त्यांनी अवाक्षर काढलं नाही. एवढंच म्हणाले, "दादा, एक दिन पहले बता देते." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

देशात टंचाई असेल तर आधी आपल्या माणसांना मिळावं, याला माझा विरोध नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की ज्या देशाशी रोजचा व्यवहार आहे, त्याला आधी कळवायची लेखी व्यवस्था आपण का करत नाही? जाणकारांनी लिहावं.

सईची_आई
दादा, तुमचं नुकसान वाचून वाईट वाटलं. पण दुसरी बाजूही सांगते. डिसेंबर २०१९ ला कांदा शंभराच्या वर गेला होता आणि आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी घरी कांदा आणणंच सोडलं होतं. सरकारनं महिनाभर आधी 'बंद करणार आहोत' असं जाहीर केलं, तर त्या महिन्यात सगळा माल बाहेर निघून जाणार नाही का? मग बंदीचा उपयोग काय?

अनुस्वार
सईची_आई यांचा मुद्दा रास्त आहे, सरकारी खात्यातही हाच युक्तिवाद होतो. शिवाय कांद्यानं सरकारं पडतात ही भीती जुनी आहे. १९९८ ची दिल्लीची निवडणूक कुणी विसरलेलं नाही.

पण हे किती वेळा झालं तेही बघा. २९ सप्टेंबर २०१९ ला बंदी, मार्च २०२० ला उठली. सहा महिन्यांत पुन्हा बंदी, ती १ जानेवारी २०२१ ला उठली. मग ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, ८ डिसेंबरला थेट बंदी. ती ३१ मार्चला संपणार म्हणून सांगितली होती, मे २०२४ पर्यंत लांबली. उठली तेव्हाही ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क मागं ठेवूनच उठली. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. साडेपाच वर्षांत इतक्या वेळा नियम बदलले, तर पलीकडच्या आयातदारानं वर्षाचा हिशेब मांडायचा कशावर?

हुगळीकर
मी कोलकात्यात असतो. धागाकर्त्यांनी दिलेली तारीख वाचून अंगावर काटा आला, कारण त्या दिवशीची दुसरी बातमी इथल्या प्रत्येकाला आठवते. बांगलादेशनं २०१२ पासून इलिश माशाची निर्यात बंद ठेवली आहे. २०१९ पासून दुर्गापूजेपुरती सवलत देतात. २०२० ची पहिली खेप बंगालातल्या पेट्रापोल नाक्याला आली ती याच १४ सप्टेंबरला. म्हणजे तिकडून बर्फात घातलेला पूजेचा इलिश आत येत होता आणि त्याच दिवशी आपण कांदा अडवला. इथल्या बाजारात मासेवालेसुद्धा म्हणत होते, हे बरं दिसलं नाही.

खवय्या_कोकणी
इलिश आणि कांदा एकाच कढईत पडतात, म्हणून दोन्हींचा मिळून एकच करार करा. एक अडला तर दुसराही अडेल, आणि मग दोन्ही बाजूंच्या गृहिणी मिळून आठवड्याच्या आत तो सोडवून घेतील. 😊

सईची_आई
खवय्या, याला माझं अनुमोदन!

गाझीपूर_डायरी
मी चार वर्षं ढाक्याजवळ एका तयार कपड्यांच्या कारखान्यात मर्चंडायझर होते, म्हणून पलीकडची बाजू लिहिते.

नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथं कांदा किलोला दोनशे टाक्यांच्या वर गेला. सरकारी महामंडळाचे ट्रक ४५ टाक्यांनी विकायचे, त्यामागं बायकांच्या लांबच लांब रांगा. आमच्या कँटीनमध्ये माशाचं कालवण फिकट दिसायला लागलं, कारण तिकडच्या रश्शाचा दाटपणाच मुळी कांद्याचा. इजिप्त आणि तुर्कस्तानहून कांदा विमानानं आणला होता. तो मोठाच्या मोठा, चवीला सपक. माझ्या टेबलाशेजारी बसणारी मुलगी एक कांदा तीन दिवस पुरवायची आणि मला सांगायची, "तोमादेर पेंयाज" म्हणजे तुमचा कांदा असता तर अर्ध्यात भागलं असतं. बोलण्यात राग नव्हता. पण ती 'भारताचा कांदा' कधीच म्हणायची नाही, 'तुमचा' म्हणायची, आणि मला उत्तर सुचायचं नाही.

त्याच्या महिनाभर आधी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत उद्योजकांच्या सभेत हिंदीत म्हणाल्या होत्या की, मी आमच्या स्वयंपाक्याला सांगून टाकलंय, जेवणात कांदा बंद. सभागृह हसलं. त्यांनी पुढं जे सांगितलं ते आपल्याकडं कमी लोकांनी ऐकलं: आधी कळवलं असतं तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती. म्हणजे धागाकर्त्यांचा प्रश्न त्यांनी २०१९ मध्येच विचारला होता. आणि पुढच्याच वर्षी पुन्हा तेच झालं. तेव्हा ढाक्यानं लेखी पत्र पाठवून चिंता कळवली होती.

ताठकणा
सगळं खरं, पण एवढं हळवं होऊन देश चालत नाही. व्यापार हेही मुत्सद्देगिरीचं साधन असतं, सगळे देश वापरतात. ५ ऑगस्ट २०२४ ला हसीना सरकार पडल्यानंतर ढाक्याचा सूर कसा बदलला ते आपण पाहिलं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी आपलं सूत जमिनीवरच्या नाक्यांवरून घेणं बंद केलं, तेव्हा आपल्या सूतगिरण्यांना कुणी आधी कळवलं होतं? आपणच का सभ्यपणा दाखवायचा?

गाझीपूर_डायरी
ताठकणा, सुताबद्दल तुमची तक्रार बरोबर आहे. तो निर्णयही तितकाच अचानक होता आणि पहिला फटका त्यांच्याच कारखान्यांना बसला. पेट्रापोलसमोरच्या बेनापोल नाक्यावरून सूत आमच्याकडं तीन-चार दिवसांत यायचं, म्हणून ऑर्डर हातात आल्यावर सूत मागवलं तरी चालायचं. बंदरातून आणायचं म्हटलं की आठवडे जातात. त्यांच्या एकूण निर्यातीत ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा कपड्यांचा आहे, आणि त्या कपड्यांत आपला कापूस, आपलं सूत आहे. तिकडचा शर्ट युरोपात विकला जातो तेव्हा आपल्या शेतातली बोंडंही विकली जातात, एवढं हे एकमेकांत गुंतलेलं आहे.

बंदरकर
मी न्हावा शेवाला क्लिअरिंगमध्ये आहे. सुताचा विषय निघाला म्हणून त्याच्या पुढची गोष्ट सांगतो.

८ एप्रिल २०२५ ला आपण बांगलादेशची ट्रान्सशिपमेंटची सवलत काढली. म्हणजे त्यांचा माल आपल्या रस्त्यानं येऊन आपल्या विमानतळा-बंदरांतून तिसऱ्या देशात जायचा, ते थांबलं. मग त्यांनी सूत अडवलं. १७ मे ला आपण सांगितलं की बांगलादेशचे तयार कपडे फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या दोन बंदरांतूनच येतील, जमिनीवरचं एकही नाकं चालणार नाही. अंमल त्याच दिवसापासून. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या टेबलावरचे फोन थांबेनात. जो शर्ट पेट्रापोलवरून ट्रकनं थोड्या दिवसांत दिल्लीला पोचत होता, तो आता चट्टोग्रामहून जहाजात चढणार, बरेचदा कोलंबोला दुसऱ्या जहाजात जाणार, मग माझ्याकडं येणार आणि इथून परत रस्त्यानं दिल्ली. दोन्ही देशांची सीमा ४,०९६ किलोमीटर लांब, आणि माल अर्ध्या भारताला वळसा घालून येतो.

आमच्या बंदराचं काम वाढलं, त्या अर्थानं माझा फायदा झाला. तरी मनापासून सांगतो, मला हे पटलेलं नाही. ते कपडे मागवणारे बरेचसे आपलेच दुकानदार, आपलेच ब्रँड. भाडं आपल्याच खिशातून गेलं.

संत्रापट्टा_वरुड
कांदेवाल्यांनो, आमचंही ऐका. वरुड-मोर्शीच्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेशच. २०१९ ला त्यांचं आयातशुल्क किलोला २० टाका होतं, ते दरवर्षी चढत २०२३ ला ८८ टाक्यांवर गेलं. फळाच्या भावाएवढं शुल्क. त्या वर्षी आमच्या आंबियाच्या बागेत व्यापारी आला, झाडाकडं बघितलं, मालाला हात लावला आणि "पाटील, तिकडं परवडत नाही" म्हणून निघून गेला. मी त्याच्या मागं फाटकापर्यंत गेलो. दोन महिन्यांआधी तोच माणूस विसार द्यायला तयार होता. शेवटी निम्म्या भावात दिला, आणि गळ पडलेला माल बांधावर टाकला.

आमच्याकडं बरेच जण म्हणतात, आपण कांदा अडवला म्हणून त्यांनी संत्र्यावर राग काढला. त्यांना डॉलरची टंचाई होती, फळं चैनीची धरली, हेही कारण असेल. मला त्यातलं कळत नाही. पण नाशिकच्या बंदीची किंमत वरुडात मोजावी लागत असेल तर ती ठरवताना वरुडला कुणी विचारलं होतं?

कादवाकाठ (धागाकर्ता)
संत्रापट्टा दादा, हे आम्हाला इकडं बसून खरंच जाणवलं नव्हतं. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं.

ताठकणा, तुमच्याशी वाद नाही. पण साधन म्हणून वापरायचं तर ते समोरच्याला लागलं पाहिजे. २०२० ची बंदी कुठल्या भांडणातून आलेली नव्हती. तेव्हा संबंध उत्तम होते, इलिश येत होता. तरी आम्ही ओतलाच ना माल?

पद्मापार
थोडं अवांतर. कांद्यापेक्षा मोठा कागद समोर आहे. १२ डिसेंबर १९९६ चा गंगा पाणीवाटप करार तीस वर्षांचा, त्याची मुदत डिसेंबर २०२६ ची. तिस्ताचा करार सप्टेंबर २०११ मध्ये सही होता होता राहिला, ममता बॅनर्जी ऐनवेळी मनमोहन सिंगांबरोबर ढाक्याला गेल्या नाहीत. तिकडच्या शेतकऱ्याशी बोला, तो कांद्याच्या आधी पाण्याचं काढतो.

आणि करार होऊनही वाट बघावी लागते. सीमेवरच्या गावांच्या तुकड्यांचा (एका देशाची जमीन दुसऱ्याच्या हद्दीत) करार १९७४ चा. आपले १११ आणि त्यांचे ५१ तुकडे बदलले गेले ते ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री. एक्केचाळीस वर्षं. पण झालं, आणि एकही गोळी न झाडता झालं. म्हणून मी आशा सोडत नाही.

जुना_सभासद
पद्मापार, पाण्यावर वेगळा धागा काढा, नक्की येतो. इथं कांद्यावर राहू.

बैलजोडी
मला वेगळीच काळजी वाटते. २०१५ च्या सुमारास आपण सीमेवरून जाणारी गुरं कडक बंद केली. बांगलादेशात बकरी ईदला मोठी ओरड झाली, मांस महागलं. मग त्यांच्या गावागावांत लोकांनी गुरं पाळायला सुरुवात केली, आणि काही वर्षांत कुर्बानीची जनावरं त्यांची त्यांना पुरू लागली. आता आपण फाटक उघडलं तरी त्यांना गरज नाही.

कांद्याचंही तेच सुरू आहे. त्यांचं कृषी खातं पावसाळी कांद्यासाठी शेतकऱ्यांना बी वाटतं, त्यात एन-५३ आहे. कुणाचं आहे ते धागाकर्त्यांना सांगायला नको.

कादवाकाठ (धागाकर्ता)
नाही, सांगायला नको. आमच्याच नाशिक जिल्ह्यातलं वाण. आजोबा लावायचे.

द्वीपकल्प
मूळ प्रश्नाकडं येतो. लेखी व्यवस्था शक्य आहे का? आहे, आणि ती आपणच केलेली आहे. मालदीवशी १९८१ चा व्यापार करार आहे. त्यानुसार तांदूळ, गव्हाचं पीठ, साखर, कांदा, अंडी यांचा वर्षाचा कोटा आपण ठरवून देतो, देशात बंदी असली तरी तेवढा माल जातो. मालेमध्ये २०२३ ला 'इंडिया आउट'च्या घोषणा देऊन सरकार आलेलं, आपलं सैन्य परत पाठवायची भाषा चाललेली, आणि तरीही आपण २०२४-२५ चा कोटा करार झाल्यापासूनचा सर्वांत मोठा दिला. त्यात कांदा ३५ हजार टनांच्या वर. मला तो निर्णय फार आवडला होता. भांडण राजधान्यांचं होतं, अंड्यांचं नव्हतं.

बांगलादेशनंही डिसेंबर २०२२ च्या मंत्र्यांच्या बैठकीत असाच वार्षिक कोटा मागितला होता. मालदीवची लोकसंख्या मूठभर आणि बांगलादेशची सतरा कोटी, त्यामुळं आकडा मोठा होतो, ही अडचण खरी. पण २०२४ च्या बंदीतही सरकारी सहकारी संस्थेमार्फत बांगलादेशला ५० हजार टन द्यायचं आपण ठरवलंच. मग दर वेळी विनंती, मग मेहेरबानी, असं करण्यापेक्षा आकडा आधीच लिहिलेला काय वाईट?

कलमवाचक
निर्यात-आयातीच्या कागदांत आयुष्य गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. कराराची वाट बघायची गरजच नाही, नियम आपल्याच घरात आहे.

आपल्या विदेश व्यापार धोरणात परिच्छेद १.०५ आहे. कुठल्याही मालावर अचानक बंधन आलं, तर बंधनाच्या तारखेआधी उघडलेल्या पक्क्या एलसीचा माल ठराविक मुदतीत जाऊ द्यावा, असा त्याचा आशय. व्यापाऱ्यानं दिलेला शब्द त्याला पाळता यावा म्हणूनच ते कलम आहे. पण सप्टेंबर २०२० ची कांद्याची अधिसूचना काढून वाचा. शेवटी एक ओळ आहे की ही सवलत या बंदीला लागू नाही. कादवाकाठ, तुमची तिसरी गाडी त्या एका ओळीनं सडली. डिसेंबर २०२३ च्या बंदीत निदान अधिसूचनेआधी भरायला घेतलेल्या मालाला वाट दिली होती, म्हणजे तसं लिहिता येतं.

सईची_आई, तुमच्या शंकेचं उत्तरही यातच आहे. महिनाभर आधी जाहीर करायला कुणी सांगत नाही. बंदी आज करा, पण कालपर्यंत एलसी झालेला माल जाऊ द्या. ज्याचा सौदा झालेला नाही तो घाईनं काही बाहेर काढू शकणार नाही, कारण एलसीवर तारीख असते.

जागतिक व्यापार संघटनेच्या शेतीविषयक कराराच्या बाराव्या कलमातही अन्नमालाची निर्यात रोखताना आयात करणाऱ्या देशाची गरज लक्षात घ्यावी, शक्य तितकं आधी लेखी कळवावं असं आहे. विकसनशील देशांना त्यातून सूट आहे, पण जो देश त्या मालाचा निव्वळ निर्यातदार आहे त्याला ती सूट नाही. कांद्यात आपण निव्वळ निर्यातदारच आहोत.

सईची_आई
कलमवाचक काका, हे कळलं आणि पटलंही. म्हणजे माझ्या मावशींच्या कांद्याला धक्का लागत नाही आणि दादांची गाडीही उभी राहत नाही. मग ती ओळ का घालतात?

कलमवाचक
भाव भडकलेले असताना एकही गोणी बाहेर जाताना दिसू नये म्हणून. टीव्हीवर ट्रक दिसतो, एलसी दिसत नाही.

ताठकणा
हे मला मान्य. झालेला सौदा पाळण्यात देशाचा कणा वाकत नाही. पण दोन्ही बाजूंनी हवं. त्यांचीही आयपी म्हणजे आयातीची परवानगी कधी मिळते, कधी अचानक थांबते. त्यांचा कांदा निघाला की आपला बंद.

कादवाकाठ (धागाकर्ता)
बरोबर आहे ताठकणा, ती तक्रार मी श्यामबाजारात नेहमी करतो. त्यांच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून थांबवतात, हे समजतं, पण कांदाचाळीत साठवलेला माल थांबत नाही.

कलमवाचक काका, तुमचा प्रतिसाद छापून वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी ती ओळ दोनदा वाचायला लावली. सहा वर्षांत एकदाही आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं की असं काही कलम आहे. आमच्या व्यापारी संघटनेच्या बैठकीत हा एकच मुद्दा घेऊन जाणार आहे. करार वगैरे मोठं काही मागत नाही, फक्त १.०५ वगळायची ओळ यापुढं घालू नका, एवढंच. निवेदनाचा मसुदा इथं टाकतो, काकांनी तपासून द्यावा.

काल रात्री ढाक्याहून फोन होता. आयपी मिळाली तर पहिल्या दोन गाड्या तुमच्याच घेतो म्हणाले. मग थोडं थांबून विचारलं, "दादा, पंधरा दिवस तुमच्याकडून बंद होणार नाही, असं लिहून द्याल का?" मी भाव सांगितला, मालाचा फोटो पाठवला, डबल पत्तीचा आहे तेही सांगितलं. त्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाही.

कलमवाचक
मसुदा टाका. आजच बघतो.